काचेच्या मत्स्यपेटीची गळती : निदान व दुरुस्ती

शाळेतील मत्स्यपेटी गळू लागली म्हणजे बहुधा दोनांपैकी एक गोष्ट घडते. एक तर सांध्यांवर बाहेरून मेण, डांबर किंवा सिमेंट लिंपले जाते व थोड्याच दिवसांत ती पुन्हा पाझरू लागते. किंवा ती रिकामी करून कपाटावर ठेवली जाते आणि पुढे केव्हा तरी जडवस्तुसंग्रह नोंदवहीतून तिचे निर्लेखन होते. वास्तविक काच शाबूत असेल तर पेटी निकामी झालेली नसते. जीर्ण होते ते काचा सांधणारे द्रव्य, आणि ते बदलता येते. मात्र ते योग्य रीतीने बदलले पाहिजे. अर्धवट दुरुस्त केलेली पेटी भर वर्गात उसवली, तर मासे तर जातातच. पण जवळ बसलेल्या मुलांनाही काचेपासून इजा होण्याचा संभव असतो.

सांध्यांवरील भार

दुरुस्ती आतूनच का करावयाची, हे समजण्यासाठी थोडे गणित करून पाहावे. ६० सें.मी. लांब, ३० सें.मी. रुंद व ३० सें.मी. उंच अशा पेटीत काठोकाठ पाणी भरल्यास ते ५४ लिटर भरते, म्हणजे त्याचे वजन ५४ किलोग्रॅम होते. पाण्याचा दाब पृष्ठभागाशी शून्य असतो व खोलीबरोबर वाढत जाऊन तळाशी दर चौरस सेंटिमीटरला ३० ग्रॅम होतो. सरासरी दाब १५ ग्रॅम. समोरच्या काचेचे क्षेत्रफळ ६० × ३० = १,८०० चौ. सें.मी. असल्याने तिच्यावर १,८०० × १५ = २७,००० ग्रॅम, म्हणजे २७ किलोग्रॅम भार बाहेरच्या दिशेने पडतो. बाहेरून लावलेल्या लेपाला हे पाणी काचेपासून दूर ढकलते. आतून लावलेल्या लेपाला तेच पाणी काचेवर दाबून धरते. बाहेरची मलमपट्टी टिकत नाही, याचे कारण हेच होय.

पेटीचे दोन प्रकार

१८५३ मध्ये लंडनच्या प्राणिसंग्रहालयात लोकांना पाहण्यासाठी मत्स्यालय उघडण्यात आले. तेव्हापासून शंभराहून अधिक वर्षे घरगुती व शालेय मत्स्यपेट्या सामान्यतः धातूच्या चौकटीत लांबीने काचा बसवून बनविल्या जात. खडूची भुकटी व जवसाचे तेल कालवून केलेली ही लांबी पेटीत पाणी असेपर्यंत ठीक राहते. पेटी रिकामी पडली की ती वाळून कडक होते व तिला भेगा जातात. दीर्घ सुटीनंतर जुनी पेटी गळू लागते, ती यामुळे. पुढे सिलिकोन हे रबरासारखे लवचिक द्रव्य प्रचारात आले आणि चौकटीविना केवळ काचेला काच चिकटवून पेट्या होऊ लागल्या. सिलिकोन पुष्कळ वर्षे टिकते. परंतु कालांतराने तेही काचेवरून सुटू लागते.

गळतीचे स्थान

बाहेर जेथे थेंब दिसतो तेथेच छिद्र असेल असे नाही. पाणी सांध्यातून वाट काढीत खाली उतरते आणि दूरच्या कोपऱ्यातून बाहेर येते. म्हणून पेटी बाहेरून कोरडी पुसून वर्तमानपत्राच्या कागदावर ठेवावी, तीत पाणी भरावे व पातळीची खूण बाहेरून करावी. पातळी उतरत जाऊन ज्या उंचीवर स्थिर राहील, त्या उंचीच्या आसपास छिद्र आहे असे समजावे. पाणी तळापर्यंत उतरल्यास दोष तळाच्या सांध्यात असतो. बाष्पीभवनाने पातळी रोज थोडी उतरतेच, परंतु तेव्हा कागद कोरडा राहतो.

यानंतर सांधे नीट पाहावेत. चौकटीविना असलेल्या पेटीत सिलिकोन दोन ठिकाणी असते : दोन काचांच्या मधील थर, व आतील कोपऱ्यावर ओढलेली पट्टी. मधल्या थरावर पेटी उभी असते. आतली पट्टी पाणी अडविते. केवळ पट्टी सुटली असेल तर पुढील रीतीने दुरुस्ती करावी. मधल्या थरात लांबवर बुडबुडे किंवा पांढुरके डाग दिसत असतील, अथवा काच हलत असेल, तर सर्व काचा सुट्या करून पेटी नव्याने जोडावी लागते. हे काम जाणकाराकडूनच करून घ्यावे. तडा गेलेल्या काचेच्या पेटीत पुन्हा पाणी भरू नये.

जुनी पट्टी काढणे

मासे त्याच पेटीतील पाण्यासह पसरट भांड्यात ठेवून वर जाळीदार कापड बांधावे व भांडे सावलीत ठेवावे. दुरुस्तीला आठवड्याहून अधिक काळ लागतो हे धरून माशांची सोय करावी. पाणी, वाळू व दगड काढल्याशिवाय पेटी उचलू नये.

नंतर दाढीच्या पात्याने किंवा धारदार खरवडणीने आतली पट्टी काढावी. पाते काचेला सपाट धरावे; दोन काचांच्या मधल्या थरात खुपसू नये. या कामी शिक्षकांनी एक गोष्ट विशेष ध्यानात ठेवावी : वाळलेल्या सिलिकोनवर नवे सिलिकोन घट्ट चिकटत नाही. एकच कोपरा गळत असला आणि तेवढीच पट्टी बदलली, तर जेथे नवी व जुनी पट्टी मिळते तेथून पाणी पुन्हा वाट काढते. म्हणून आतील सर्व पट्ट्या काढणे इष्ट. काचेवरील क्षारांचे पांढरे डाग व्हिनेगरने निघतात. शेवटी स्वच्छ कापडाने स्पिरिट लावून कोपरे पुसावेत व त्यानंतर तेथे बोटही लावू नये. बोटाचा तेलकटपणाही चिकटण्यास बाधक होतो. स्पिरिट ज्वालाग्राही असल्याने जवळपास दिवा अथवा काडी पेटवू नये.

चौकटीच्या पेटीतही आतील कोपरे असेच स्वच्छ करून सिलिकोनची पट्टी ओढता येते. मात्र जुन्या लांबीत कधी कधी शिशाचा शेंदूर मिसळलेला असे व तो विषारी असतो. अशी लांबी कोरडी घासू नये. ओली करून खरवडावी, निघालेला चुरा कागदात बांधून टाकावा आणि हात साबणाने धुवावेत. हे काम मुलांच्या समक्ष करू नये.

नवी पट्टी भरणे

सिलिकोन घेताना वेष्टनावर ते मत्स्यपेटीस योग्य असल्याचा उल्लेख आहे की नाही हे पाहावे. न्हाणीघरासाठी मिळणाऱ्या सिलिकोनमध्ये बुरशीनाशक मिसळलेले असते व त्याने मासे दगावतात. मत्स्यपेटीसाठी नेहमी वापरले जाणारे सिलिकोन वाळताना ॲसेटिक आम्ल सोडते. त्यामुळे व्हिनेगरसारखा आंबट वास येतो. खिडक्या उघड्या ठेवून काम करावे.

कोपऱ्यापासून दोन्ही बाजूंस सुमारे ६ मि.मी. अंतरावर कागदी चिकटपट्टी लावावी. नळीचे तोंड तिरपे कापून, न थांबता, एका दमात सिलिकोन भरावे. लगेच हातमोजा घातलेल्या बोटाने किंवा चमच्याच्या पाठीने ते दाबून गुळगुळीत करावे. काही मिनिटांतच त्यावर साय धरू लागते. तत्पूर्वी चिकटपट्टी ओढून काढावी. साय धरलेल्या भागास पुन्हा हात लावू नये. वर सांगितलेल्या मापाच्या पेटीत तळाचे चार सांधे १८० सें.मी. व उभे चार सांधे १२० सें.मी., असे एकूण ३ मीटर भरतात. त्यास सुमारे ५४ घन सें.मी. सिलिकोन लागते, थोडी नासधूस धरूनच नळी घ्यावी.

वाळणे व चाचणी

सिलिकोन हवेतील बाष्प घेऊन बाहेरून आत वाळत जाते. चोवीस तासांत साधारणतः २ ते ३ मि.मी. जाडीच पक्की होते. वरून कोरडे लागले म्हणजे आतून वाळले असे नव्हे. म्हणून पेटी सात दिवस तशीच ठेवावी. आंबट वास येत असेल तोवर पाणी भरू नये. उन्हात अगर चुलीजवळ ठेवून वाळविण्याची घाई करू नये.

चाचणी वर्गात न करता ओसरीवर करावी. सपाट फळीवर थर्माकोलचा पत्रा घालून त्यावर पेटी ठेवावी. चारही कोपऱ्यांत पाण्याची खोली मोजली असता ती सारखी भरली, म्हणजे फळी समतल आहे. ऊंचसखल जागी ठेवलेल्या पेटीचे सांधे एका बाजूस ताणले जातात व पुन्हा सुटतात. प्रथम एक तृतीयांश, नंतर दोन तृतीयांश व मग पूर्ण असे पाणी भरावे आणि प्रत्येक वेळी एक दिवस थांबावे. चाचणीचे पाणी फेकून पेटी धुवावी. नव्या पाण्यात ब्लीचिंग पावडर असल्यास ते उघड्या भांड्यात चोवीस तास ठेवून मगच वापरावे, व माशांचे जुने पाणी त्यात मिसळावे.

विद्यार्थ्यांचा सहभाग

पाते व स्पिरिट शिक्षकांच्याच हाती असावे. परंतु पातळी मोजणे, तिची नोंद ठेवणे, पेटीचे घनफळ काढणे, माशांच्या भांड्याची देखरेख करणे ही कामे पाचवी ते सातवीच्या मुलांना आनंदाने करता येतात. पातळी का थांबली, भार बाहेरच्या दिशेनेच का पडतो, हे प्रश्न मुलांसमोर ठेवावेत व उत्तरे त्यांना पेटीकडे पाहूनच शोधू द्यावीत.

तडा गेल्यामुळे दुरुस्त न होणारी पेटीही टाकून देण्याची घाई करू नये. तड्यावर चिकटपट्टी लावून तीत ओलसर माती भरली असता, बियांची मुळे काचेच्या कडेने कशी उतरतात हे मुलांना पाहता येते. दुरुस्त झालेल्या पेटीवर मात्र दुरुस्तीची तारीख कागदावर लिहून डकवावी, दरवर्षी सुटीपूर्वी सांधे तपासावेत आणि जुनी लांबीची पेटी असल्यास सुटीतही तीत पाणी राहील अशी व्यवस्था करावी.