डॉल्फिनदर्शन आणि मराठवाड्याचा प्रवासी

दिवाळीची सुटी संपली की नांदेड आणि लातूरच्या शाळा-महाविद्यालयांतून सहलींची आखणी सुरू होते. वेरूळ, अजिंठा, रायगड ही स्थळे आता सर्वपरिचित झाली. अलीकडे दापोली-हर्णै, गुहागर, मालवण-तारकर्ली यांना पसंती मिळू लागली असून कार्यक्रमपत्रिकेत सकाळचा एक तास ‘डॉल्फिनदर्शना’साठी राखलेला असतो. गोदावरी-मांजरेकाठच्या मुलांना समुद्र दिसावा, यात आक्षेपार्ह काही नाही. परंतु हा तास सर्वस्वी निरुपद्रवी आहे, ही समजूत मात्र तपासून पाहिली पाहिजे.

कोकण किनाऱ्यावर बहुधा दृष्टीस पडतो तो पाठीवर उंचवटा असलेला हम्पबॅक डॉल्फिन. तो खोल समुद्रात जात नाही. किनाऱ्यालगतचे, खाड्यांच्या मुखापाशी असलेले उथळ पाणी हेच त्याचे घर, आणि नौका, जाळी व शहरांचे सांडपाणी यांची गर्दीही नेमकी तेथेच. तो मासा नव्हे, सस्तन प्राणी आहे; श्वास घेण्यासाठी त्याला पृष्ठभागावर यावेच लागते. मादी एका वेळी एकच पिलू देते आणि दोन पिलांमध्ये साधारणतः काही वर्षांचे अंतर असते. गढूळ पाण्यात भक्ष्य शोधणे आणि परस्परांना साद घालणे या दोन्ही गोष्टी तो ध्वनीच्या आधारे करतो. इंजिनांच्या घरघराटात त्याची अवस्था काय होत असेल, हे वर्गाशेजारी मंगल कार्यालय असलेल्या शिक्षकांना निराळे सांगावयास नको! जागतिक निसर्ग संवर्धन संघाच्या लाल यादीत ही जात ‘संकटग्रस्त’ म्हणून नोंदलेली आहे.

नावाड्याला दोष देणे सोपे आहे, पण अन्यायाचेही आहे. मासेमारीचे उत्पन्न बेभरवशाचे. पर्यटकांच्या भाड्याने घरखर्चाला हातभार लागतो. भाडे माणशी असते, म्हणून फेऱ्या जितक्या अधिक तितकी प्राप्ती अधिक. त्यात प्रवाशांचा आग्रह : पैसे मोजले, तेव्हा डॉल्फिन दिसलाच पाहिजे, तोही जवळून. एका होडीला कळप आढळला की इतर होड्या तिकडे वळतात. जी पुढे घुसते तिचे प्रवासी खूष होतात. कळप बिथरण्याची किंमत मात्र सर्वांच्या वाट्याला येते.

अर्थशास्त्राच्या पाठ्यपुस्तकांत ही गोष्ट सामायिक कुरणाच्या उदाहरणाने सांगितली जाते. लातूरच्या वाचकाला परक्या कुरणाची गरज नाही. शेजाऱ्याने बोअर खोल नेली म्हणून आपणही न्यायची, मग त्याने आणखी खोल जायचे, या स्पर्धेत प्रत्येकाचा हिशेब त्याच्यापुरता बिनचूक होता. पुढे पाऊस रुसला, मांजरा धरण आटले आणि एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने लातूरला पाणी आणावे लागले. पाण्याच्या बाबतीत निदान रेल्वे तरी होती.

पश्चिम ऑस्ट्रेलियातील शार्क बे येथील अनुभव या दृष्टीने बोलका आहे. तेथे डॉल्फिनदर्शनाचे परवानेधारक व्यावसायिक एकावरून दोन झाले, तेव्हा त्या भागातील डॉल्फिनांची संख्या घटल्याचे दीर्घकालीन निरीक्षणांत आढळले. हा अभ्यास २००६ मध्ये प्रसिद्ध झाला आणि तेथील सरकारने दोन परवान्यांपैकी एक कमी केला. अवघ्या दोन व्यावसायिकांची ही कथा! आपल्या किनाऱ्यावर एखाद्या रविवारी किती होड्या निघतात, याची कल्पनाच करावी.

मग नियमन करावे कोणी? १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचे कवच आहे. मालवणचे सागरी अभयारण्यही १९८७ मध्ये घोषित झाले. तथापि स्थानिक मच्छीमारांना विश्वासात न घेता वरून आलेली बंधने कागदावरच राहतात, किंबहुना विरोधच ओढवून घेतात. सामायिक संसाधने वापरणारे लोक स्वतः नियम करून ते पाळू शकतात, हे एलिनॉर ऑस्ट्रॉम यांनी देशोदेशींच्या उदाहरणांनी दाखविले. २००९ च्या नोबेल पारितोषिकाच्या त्या मानकरी. नावाड्यांनी होड्यांच्या पाळ्या लावणे अशक्य नाही. परंतु पाळी धरणाऱ्याला टाळून गिऱ्हाईक शेजारच्या होडीत बसणार असेल, तर हा शहाणपणा त्याला परवडणार कसा?

येथे नांदेड-लातूरच्या सहलप्रमुखाचा संबंध येतो, कारण मागणी त्याच्या हाती आहे. पन्नास विद्यार्थ्यांची गाडी घेऊन येणारा शिक्षक हा किरकोळ गिऱ्हाईक नव्हे. ऑस्ट्रेलियातील मार्गदर्शक नियमांनुसार होडीने डॉल्फिनांच्या ५० मीटरच्या आत जाऊ नये, १५० मीटरच्या टापूत तीनहून अधिक होड्या नसाव्यात. कळपाच्या वाटेत आडवे न जाता बाजूने, समांतर आणि संथ चालावे. पिलू सोबत असेल तर दूरच राहावे. खाद्य टाकणे, आरडाओरडा करणे मुलांना आधीच वर्ज्य सांगावे. जीवरक्षक जाकिटे प्रत्येकाच्या अंगावर हवीत, हे वेगळेच.

अशा फेरीला वेळ अधिक लागतो, म्हणून भाडेही थोडे अधिक द्यावे लागेल. त्याची तरतूद वर्गणी ठरवितानाच करावी, आणि डॉल्फिन दिसला नाही तरी ठरलेले पैसे पूर्ण मिळतील, हे नावाड्याला होडी सुटण्यापूर्वी, मुलांच्या देखत सांगावे.