सहा दिवस आणि अख्खा स्पेन: पर्याय गाळायचे कसे?

समजा, जुलैमध्ये बार्सिलोनाला तुमचा पेपर आहे. कॉन्फरन्सनंतर सहा दिवस मोकळे आहेत. परतीचं विमान माद्रिदहून आहे आणि फिरण्याचा खर्च फेलोशिपमधून साठवलेल्या पैशांतून करायचाय. पुन्हा कधी जमेल, सांगता येत नाही. अशा वेळी आपण काय करतो? 'स्पेनमधली सर्वोत्तम दहा ठिकाणं' शोधतो आणि गोंधळून जातो.

गोंधळ साहजिक आहे, कारण स्पेन एकसारखा नाही. वायव्येकडच्या सँटियागोत वर्षाला सुमारे १८०० मिमी पाऊस पडतो, तर आग्नेयेकडच्या अल्मेरियात जेमतेम २०० मिमी. जुलैमध्ये सेव्हियाचं दुपारचं सरासरी तापमान ३६ अंशांच्या आसपास असतं, सँटियागोचं साधारण २४. म्हणजे महिना सांगितल्याशिवाय 'सेव्हिया छान आहे' या वाक्याला फारसा अर्थ नाही. डिसेंबरात तेच सेव्हिया सुखद असतं आणि सँटियागोत पावसाळी दिवस असतात. संशोधनाच्या भाषेत, ठिकाण आणि महिना हे दोन घटक एकमेकांवर परिणाम करतात. त्यांना वेगवेगळे गुण देऊन बेरीज केली तर उत्तर फसवं येतं.

मग निवड करायची कशी? तीन पायऱ्या.

१. आधी बंधनं, मग आवडी. बंधन म्हणजे ज्यात तडजोड होऊच शकत नाही. शेंगेन व्हिसावर मुक्कामाचे दिवस लिहिलेले असतात, त्यामुळे जादा सहा दिवस अर्ज करतानाच धरायला हवेत. दुसरं बंधन वेळेचं. मुक्काम हलवला की सामान बांधणं, स्टेशन गाठणं, नवी खोली मिळेपर्यंत थांबणं यात अर्धा दिवस सहज जातो. चार वेळा मुक्काम हलवलात तर सहातले दोन दिवस गेलेच! म्हणून माद्रिद धरून दोनच मुक्काम, असं ठरवून टाकू.

२. हरलेले पर्याय काढून टाका. एखादा पर्याय दुसऱ्यापेक्षा एकाही निकषावर सरस नसेल आणि निदान एका निकषावर कमी पडत असेल, तर तो यादीत ठेवण्यात अर्थ नाही. या कल्पनेला अर्थशास्त्रज्ञ विल्फ्रेडो पारेतो याचं नाव जोडलेलं आहे. उदाहरणार्थ, तुम्हाला समुद्र आणि रोमन अवशेष एवढंच बघायचंय. तारागोनात समुद्राकाठीच रोमन रंगमंडल आहे आणि बार्सिलोनाहून ते रेल्वेने तासाभराच्या आसपास आहे. मालागातही समुद्र आहे, रोमन नाट्यगृह आहे, पण प्रवास जवळपास सहा तासांचा. या निकषांवर मालागा बाद. आता गंमत बघा: यादीत 'अरबी काळातला किल्ला' हा निकष घातला, की अल्काझाबामुळे मालागा परत आत येतं! म्हणून पर्याय गाळण्याआधी निकष कागदावर लिहा. आवडतं ठिकाण बाद झाल्यावर हळूच नवा निकष घुसडायचा नाही. प्रयोगाचे आकडे हाती आल्यावर गृहीतक बदलण्यासारखंच ते आहे.

३. उरलेल्यांत ताण कुठे आहे ते पाहा. शेवटी ग्रानादा आणि बिल्बाओ उरले असं धरू. बार्सिलोनाहून दोन्हीकडे रेल्वेने साधारण सहा-सात तास लागतात, म्हणजे जातानाच्या प्रवासावरून निर्णय होत नाही. ग्रानादात अल्हम्ब्रा आहे आणि तिथून माद्रिद साडेतीन तासांवर, पण जुलैत दुपारी पारा ३४ अंशांच्या आसपास. बिल्बाओत हवा बरीच थंड आणि १९९७ मध्ये उघडलेलं गुगेनहाइम संग्रहालय, पण माद्रिद सुमारे पाच तासांवर. इथे कोणीच पूर्णपणे वरचढ नाही. आता प्रत्येक निकषाला महत्त्व द्या आणि ते थोडं कमी-जास्त करून बघा. उन्हाचं महत्त्व जरासं वाढवताच उत्तर पालटतंय का? पालटत असेल, तर आणखी दहा ठिकाणांची माहिती वाचून काही हाती लागणार नाही. स्वतःला एकच प्रश्न विचारा: मला ऊन कितपत सोसतं? आणि उत्तर ग्रानादा आलं, तर आधी अल्हम्ब्राचं तिकीट बघा. नासरी राजवाड्यांच्या प्रवेशाला ठरावीक वेळ दिलेली असते आणि मोसमात तिकिटं बरीच आधी संपतात. तिकीट नसेल, तर ग्रानादाच्या बाजूचा सर्वांत मोठा मुद्दाच गळून पडतो.

पीएचडीचा विषय निवडतानाही हेच तीन प्रश्न कामाला येतात. कुठली बंधनं हलणार नाहीत? कुठला पर्याय आधीच हरलाय? आणि माझा निर्णय नेमका कुठल्या एका गोष्टीवर अडलाय? ती एक गोष्ट सापडली, की शोधाशोध थांबवा आणि तिकीट काढा.