बेअरिंगची बैठक: जुन्या बुलेटच्या गिअरबॉक्सचा एक अभ्यास

इंग्लंडमधील रेडिचच्या रॉयल एनफिल्डशी भागीदारी करून मद्रास मोटर्सने 1955 मध्ये एनफिल्ड इंडियाची स्थापना केली, आणि लष्कर व पोलीस यांच्या गरजेतून भारतात रुजलेली 350 सीसी बुलेट 1967 मध्ये रेडिचचा कारखाना बंद पडल्यावरही मद्रासमध्ये तयार होतच राहिली. मराठवाड्यात आजही ज्या जुन्या बुलेटना उजव्या पायाने गिअर टाकावा लागतो, त्यांच्या चार गतींच्या गिअरबॉक्सची रचना मुळात बर्मिंगहॅमच्या अल्बियन कंपनीची आहे. एकच रचना दोन देशांत दीर्घकाळ चालल्यामुळे कोणताही सुटा भाग कोणत्याही गाडीला बसेल असा समज होतो, आणि फसगतीची सुरुवात बहुधा तेथूनच होते.

या गिअरबॉक्समध्ये मेन शाफ्ट आणि ले शाफ्ट हे दोन दंड समांतर असतात व त्यांच्या केंद्रांमधील अंतर ठरलेले असते. त्यामुळे दातांचा आकार सारखा असल्यास प्रत्येक जोडीतील दोन्ही चाकांच्या दातांची बेरीज साधारणपणे समान राहते. दुसऱ्या मॉडेलचे एकच चाक आणून बसवले, तर ते दंडावर चढते, पण जोडीदाराशी जुळत नाही. गिअर जोडीनेच बदलावेत हा नियम येथून येतो.

बेअरिंगचा प्रश्न अधिक नाजूक आहे. जुन्या ब्रिटिश गाड्यांत काही बेअरिंग इंचांच्या मापाची, तर काही मिलिमीटरची असतात, म्हणून डोळ्यांना सारख्या दिसणाऱ्या दोन बेअरिंगमध्येही फरक असू शकतो. माप तंतोतंत जुळले तरी काम संपत नाही. नॉर्टन कमांडो या ब्रिटिश मोटारसायकलच्या ले शाफ्टवरील 6203 क्रमांकाचे बॉल बेअरिंग 17 मिलिमीटर आतील व्यास, 40 मिलिमीटर बाहेरील व्यास आणि 12 मिलिमीटर रुंदीचे असते; इंजिनाच्या वाढलेल्या ताकदीपुढे ते टिकेना, तेव्हा जाणकारांनी त्याच मापाचे एनजे 203 हे रोलर बेअरिंग तेथे बसवण्यास सुरुवात केली. छर्रा एका बिंदूपाशी भार घेतो, तर रोलर संपूर्ण रेषेवर भार घेतो. म्हणून बाह्य माप न बदलता भार सोसण्याची शक्ती वाढते.

बेअरिंग ज्या खोबणीत बसते, ते घर अॅल्युमिनिअमचे असते आणि तापल्यावर अॅल्युमिनिअम पोलादाच्या जवळजवळ दुप्पट प्रसरण पावते. 40 मिलिमीटर व्यासाचे घर 100 अंशांनी तापवले, तर ते सुमारे 0.09 मिलिमीटरने रुंदावते आणि थंड बेअरिंग हाताच्या दाबाने आत सरकते. हातोडीची गरजच उरत नाही. दाब द्यावाच लागला, तर घरात बसवताना तो बाहेरच्या कड्यावर आणि दंडावर चढवताना आतल्या कड्यावर द्यावा, कारण उलट केल्यास सगळा जोर छऱ्यांमधून जातो आणि त्यांच्या मार्गिकांवर खड्डे पडतात. घट्ट बसल्याने बेअरिंगमधील मोकळीक घटते, म्हणून काही ठिकाणी सी3 हे चिन्ह असलेले, म्हणजे मुळातच जास्त मोकळीक ठेवलेले बेअरिंग निवडावे लागते. घर झिजून कडे आतच फिरू लागले असेल, तर सेंटर पंचने ठोके मारून ते घट्ट करण्याची सर्वत्र आढळणारी रीत ठाम शब्दांत नाकारायला हवी. त्या ठोक्यांवर बेअरिंग तिरके टेकते आणि दंडाची सरळ रेषा बिघडते. घर लेथवर मोठे करून त्यात बाही (स्लीव्ह) बसवणे हाच टिकाऊ उपाय होय.

या दुरुस्तीसाठी छत्रपती संभाजीनगरइतके अनुकूल शहर क्वचितच सापडेल. भारतात नीडल रोलर बेअरिंग, म्हणजे बारीक व लांब रोलरांची बेअरिंग, प्रथम बनवणाऱ्या एनआरबी कंपनीचे कारखाने या शहरात आणि शेजारच्या जालन्यात आहेत. वाळूजमध्ये बजाज ऑटोचा कारखाना 1985 पासून चालतो, तर चिकलठाण्यात इंडो-जर्मन टूल रूम आहे. शतांश मिलिमीटरमध्ये विचार करणारे हात या शहरात मुबलक आहेत. जुन्या बुलेटच्या मालकांनी एवढेच करावे: काढलेले बेअरिंग फेकण्यापूर्वी त्यावरील क्रमांक टिपून घ्यावा, त्याचे आणि घराचे माप मायक्रोमीटर व बोअर गेजने दोन दिशांनी घ्यावे, आणि मगच दुकानात जावे.