गिरण्यांच्या इमारती : भंगार की भांडवल?

कापड बाजारात दोन हंगाम उलटूनही जो माल खपत नाही, त्याला आम्ही व्यापारी 'डेड स्टॉक' म्हणतो. परंतु शहाणा व्यापारी डेड स्टॉक जाळून टाकीत नाही. तो थान उलगडून पाहतो, डाग कुठे पडला आहे आणि चांगले किती मीटर निघेल याचा हिशेब करतो, आणि कटपीस म्हणून का होईना, त्याचे मोल वसूल करतो. मुंबईच्या बंद पडलेल्या कापड गिरण्यांच्या बाबतीत एवढा साधा हिशेबसुद्धा मांडला गेला नाही. जमीन फुटाफुटाने मोजली गेली. तिच्यावर उभ्या असलेल्या इमारती मात्र भंगाराच्या खात्यात टाकल्या गेल्या.

आज हा विषय काढण्याचे कारण असे की, थोड्याफार इमारती अजून शिल्लक आहेत आणि त्यांतल्या बऱ्याचशा नॅशनल टेक्स्टाइल कॉर्पोरेशनच्या, म्हणजे एका सरकारी महामंडळाच्या ताब्यातल्या आहेत. खाजगी मालकाने नफ्यासाठी आपली मिल्कीयत पाडली तर ते निदान समजू शकते. परंतु जी मिल्कीयत जनतेची आहे, तिचा सांभाळ करणाऱ्या संस्थेला आपण हिशेब विचारू शकतो. तो विचारलाही पाहिजे.

महामंडळाकडे गिरण्या आल्या कशा?

मुंबईतील पहिली कापड गिरणी कावसजी दावर यांनी 1854 मध्ये ताडदेव येथे काढली. त्यानंतरच्या सव्वाशे वर्षांत परळ, लालबाग, भायखळा, चिंचपोकळी, वरळी हा सारा भाग 'गिरणगाव' म्हणून ओळखला जाऊ लागला. 18 जानेवारी 1982 रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली संप सुरू झाला, तेव्हा शहरात 58 गिरण्या होत्या आणि संपात सुमारे अडीच लाख कामगार उतरले होते. 1968 मध्ये स्थापन झालेल्या या महामंडळाकडे आजारी गिरण्या आधीपासूनच सोपविल्या जात होत्या. संपानंतर 1983 मध्ये आणखी 13 गिरण्यांचा कारभार सरकारने हाती घेतला. अशा रीतीने मुंबईच्या 58 पैकी 25 गिरण्यांचा मालक एकच झाला.

2005 मध्ये या मालकाने काही गिरण्यांच्या जमिनी लिलावात काढल्या. कामगारांची देणी भागवायची आहेत आणि उरलेल्या गिरण्यांमध्ये नवी यंत्रे बसवायची आहेत, असे कारण सांगितले गेले. ते कारण खोटे नव्हते. दादरची कोहिनूर मिल क्रमांक 3 ही 421 कोटी रुपयांना गेली. लोअर परळची मुंबई टेक्स्टाइल मिल 702 कोटींना गेली. व्यापारी वाचकांनी पुढचा आकडा नीट वाचावा. ही दुसरी जमीन घेणाऱ्या कंपनीने 2012 मध्ये ती दुसऱ्या बिल्डरला सुमारे 2,700 कोटींना विकली. सात वर्षांत जवळजवळ चौपट! म्हणजे इमारती गेल्या त्या गेल्याच, आणि त्या पाडण्याचा खरा नफाही जनतेच्या तिजोरीत आला नाही. टाटा मिल, पोदार मिल, दिग्विजय मिल आणि इंडिया युनायटेड क्रमांक 5 या ज्या चार गिरण्या महामंडळ मुंबईत चालवीत होते, त्याही मार्च 2020 च्या टाळेबंदीत बंद पडल्या. धंदा वाचविण्यासाठी इमारतींचा बळी दिला आणि शेवटी धंदाही वाचला नाही.

त्या छपराखाली काय होते?

गिरणीची इमारत म्हणजे चार भिंती आणि एक चिमणी असा पुष्कळांचा समज आहे. विणकामाच्या शेडचे छप्पर पाहावे. करवतीच्या दात्यांसारखे चढउतार असलेले ते छप्पर शोभेसाठी नव्हते. त्याच्या उभ्या बाजूंना काचा असत आणि त्यांचे तोंड उत्तरेकडे असे. उत्तरेचा उजेड सकाळपासून संध्याकाळपर्यंत एकसारखा राहतो, थेट ऊन आत येत नाही आणि साच्यावरचा तुटलेला धागा चटकन नजरेस पडतो. आजही आपण कापडाची शेड जुळवायची असली की ट्यूबलाइटखाली न पाहता उजेडाकडे नेऊन पाहतो. तेच ज्ञान त्या छपरात बांधलेले होते, तेही विजेचे बिल न देता.

आणि त्या छपराखाली आपली माणसे होती. 1857 च्या धामधुमीनंतर उत्तर भारतातून आलेले मोमिन विणकर मदनपुऱ्यात वसले आणि त्यांच्यातील कित्येकांनी गिरण्यांच्या साचाखात्यात आपले हुनर लावले. कोकण आणि घाटावरून आलेले मराठा कामगार त्यांच्या शेजारच्या साच्यावर उभे होते. याच खात्यात दलित कामगारांना शिरू दिले जात नसे, कारण धोट्यातून धागा तोंडाने ओढून घ्यावा लागे आणि विटाळाची सबब पुढे केली जाई. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी 1928 च्या संपाच्या वेळी हा प्रश्न उचलून धरला होता. म्हणजे अभिमान वाटावा असेही त्या शेडमध्ये घडले आणि शरम वाटावी असेही. दोन्ही पुढच्या पिढीने जागेवर उभे राहून समजून घ्यावे असे आहे. काचेच्या टॉवरसमोर उभे राहून ते समजणार नाही.

कायद्याने पारडे कोठे झुकविले?

मुंबईला वारशाचा कायदा नाही असे नाही. शहरातील ऐतिहासिक इमारतींची प्रतवारी करून त्यांना संरक्षण देणारी नियमावली येथे 1995 मध्येच लागू झाली आणि त्या बाबतीत मुंबई देशात पहिली ठरली. परंतु गिरण्यांच्या जमिनीचा कायदा वेगळा. 1991 च्या नियमाप्रमाणे बंद गिरणीची जमीन विकसित करायची झाल्यास तिचे तीन वाटे होणार होते: एक महापालिकेला मैदाने आणि बागांसाठी, एक म्हाडाला घरांसाठी आणि एक मालकाला. सरकारी गिरण्यांच्या जमिनींचा एकत्र विचार कसा करता येईल, याचा अहवाल वास्तुविशारद चार्ल्स कोरिया यांच्या समितीने 1996 मध्ये दिला. तो बाजूला पडला.

2001 मध्ये नियम बदलला. आता तीन वाटे फक्त मूळच्या मोकळ्या जागेचे होणार होते. ज्या जागेवर इमारत उभी होती ती जागा, इमारत पाडल्यानंतरसुद्धा, वाटणीतून सुटली. मुंबई उच्च न्यायालयाने 2005 मध्ये याविरुद्ध निकाल दिला, पण 7 मार्च 2006 रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो फिरविला आणि बदललेला नियम कायम झाला. इमारत पाडणाऱ्याचा फायदा होईल असा नियम केल्यावर इमारती टिकाव्यात अशी अपेक्षा कशी करायची?

काही ठिकाणी एखादी चिमणी ठेवली गेली. फिनिक्स मिलची चिमणी आजही मॉलच्या आवारात उभी आहे. नाही त्यापेक्षा बरे, एवढेच म्हणता येईल. पण खालची गिरणी गेल्यावर चिमणी म्हणजे थान विकून टाकून जपून ठेवलेले लेबल!

जपानी मालकाचे उदाहरण

यावर कोणी म्हणेल, बंद इमारत कोण पोसणार? याचे उत्तर आपल्याच धंद्यातून मिळते. जपानमध्ये तोमिओका या गावी सरकारने 1872 मध्ये रेशमाची गिरणी काढली. तिच्यातील धागा काढण्याची शेड सुमारे 140 मीटर लांब आहे. गिरणी पुढे खाजगी मालकांकडे गेली आणि 1939 पासून ती काताकुरा या कंपनीकडे होती. रेशमाचा धंदा बसला आणि 1987 मध्ये गिरणी बंद झाली. कंपनीने काय करावे? तिने ती विकली नाही, भाड्याने दिली नाही आणि पाडलीही नाही. अठरा वर्षे दुरुस्तीचा खर्च सोसला आणि 2005 मध्ये सर्व इमारती गावाच्या नगरपालिकेला देऊन टाकल्या. 2014 मध्ये युनेस्कोने तिची जागतिक वारशाच्या यादीत नोंद केली. एका खाजगी कंपनीला जे जमले, ते आपल्या सरकारी महामंडळाला का जमू नये?

आपल्याकडेही एक सुरुवात झाली आहे. काळाचौकी येथील इंडिया युनायटेड मिल क्रमांक 2 आणि 3 ची जागा वस्त्रोद्योग संग्रहालयासाठी महापालिकेकडे आली. या संग्रहालयाची चर्चा दहा वर्षांहून अधिक काळ चालली आहे. चर्चा चालू असताना पावसाळा काही थांबत नाही. छपराची एक काच फुटली की पाणी आत येते, लाकूड कुजते, आणि मग तोच मालक म्हणतो, 'इमारत धोकादायक झाली, आता पाडावीच लागेल.' दुरुस्ती टाळणे हीसुद्धा पाडण्याचीच पद्धत आहे, फक्त तिला वेळ लागतो.

चाळींचा प्रश्न वेगळा

येथे एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. गिरण्यांच्या आवारातील चाळींत लोक राहतात. ज्याच्या डोक्यावरचे छप्पर गळते, त्याला वारशाचा उपदेश करणे आम्हाला मान्य नाही. त्यांना पक्की घरे मिळालीच पाहिजेत आणि गिरणी कामगारांच्या घरांचे राहिलेले वायदेही पुरे झाले पाहिजेत. पण रिकाम्या शेडचा प्रश्न आणि राहत्या चाळीचा प्रश्न एकाच गाठोड्यात बांधून, 'वारसा हवा की घरे?' असे विचारणे ही लबाडी आहे. प्रत्येक गिरणीतील एक शेड राखली म्हणून कोणाचे घर अडत नाही.

काय करता येईल?

आमच्या मते चार गोष्टी तातडीने व्हाव्यात. पहिली, महामंडळाने आपल्या ताब्यातील प्रत्येक गिरणीच्या इमारतींची यादी, नकाशे आणि छायाचित्रे जाहीर करावीत, आणि तोवर एकही भिंत पाडू नये. दुसरी, जमिनीच्या प्रत्येक व्यवहारातून ठरावीक रक्कम दुरुस्तीसाठी बाजूला काढावी. वारसा यादीतील इमारतीमुळे मालकाचा जो बांधकामहक्क बुडतो, त्याच्या भरपाईसाठी टीडीआरची सोय नियमात आहेच. तिसरी, राखलेल्या शेडला काम द्यावे. तेथे सुताची आणि रंगाची तपासणी करणारी प्रयोगशाळा काढता येईल, शिलाई आणि विणकामाचे प्रशिक्षण देता येईल, भिवंडी, मालेगाव, इचलकरंजी, सोलापूरच्या मालाचे कायम प्रदर्शन भरविता येईल. कुलूप लावलेली इमारत जास्त दिवस टिकत नाही. जिला भाडे येते, तिची कौले वेळेवर बदलली जातात.

चौथी गोष्ट आमच्या व्यापारी बंधूंसाठी. मुळजी जेठा मार्केटपासून मंगलदास मार्केटपर्यंत कितीतरी पेढ्यांच्या माळ्यांवर जुन्या गिरण्यांच्या नमुना बह्या, दरपत्रके आणि थानांवर चिकटविले जाणारे रंगीत छापे धूळ खात पडले आहेत. रद्दीवाल्याला बोलाविण्यापूर्वी एकदा ते उघडून पाहावेत, त्यांची यादी करावी आणि संग्रहालय उभे राहीपर्यंत जपून ठेवावेत. महामंडळाकडे हिशेब मागण्यास निघालेल्या माणसाचे स्वतःचे खाते साफ असलेले बरे.

गिरणीने या शहराला रोजी दिली आणि आम्हाला धंदा दिला. तिच्या इमारती सरकारी संस्थेच्या नावावर असल्या तरी तिच्याकडे त्या अमानत आहेत. अमानतीत भर घालता आली नाही तरी चालेल, पण ती जशी मिळाली तशी पुढच्या हाती देणे एवढे तरी झालेच पाहिजे.