किल्ली सोडताच

ज्या मोटारीचे इंजिन किल्ली ‘स्टार्ट’वर दाबून धरली असता गर्जना करून पेटते आणि किल्ली सोडताच त्याच क्षणी विझून जाते, तिच्याइतकी आपल्या व्याधीची स्पष्ट जबानी देणारी यंत्रे फार थोडी असतील, आणि तरीही अशा गाडीचा मालक बहुधा आधी कार्ब्युरेटर उघडतो, मग पेट्रोलचा पंप बदलतो, मग नवी बॅटरी विकत आणतो, आणि ही सारी उस्तवार संपल्यावर गाडी पूर्वीइतक्याच इमानाने पेटते आणि विझते. क्रायस्लर कंपनीने १९६० नंतरच्या दशकात बांधलेल्या डॉज आणि प्लिमथ गाड्यांत हे लक्षण इतके परिचयाचे आहे की, त्यांचे जाणते मालक डॅशबोर्डच्या खणात पांढऱ्या चिनीमातीचा एक लहानसा ठोकळा नेहमी बाळगून असतात. त्या ठोकळ्याचा अधिकार कोठे सुरू होतो आणि कोठे संपतो हे कळले, म्हणजे ठिणगीच्या या जुन्या व्यवस्थेचे निम्मे शास्त्र हाती आले असे मानण्यास हरकत नाही.

मसल कार या नावाने ओळखला जाणारा गाड्यांचा वर्ग सामान्यतः १९६४ च्या पाँटिअॅक जी.टी.ओ.पासून गणला जातो. मध्यम आकाराच्या, फारशा महाग नसलेल्या गाडीत मोठ्या गाडीचे आठ सिलिंडरांचे इंजिन बसवावे, एवढीच मूळ कल्पना. तीत नाजूक विचार फारसा नव्हता असे कोणी म्हटले तर मी वाद घालणार नाही. १९६८ सालच्या मोसमात बाजारात आलेल्या प्लिमथ रोड रनरमध्ये ३८३ घन इंचांचे, म्हणजे सव्वासहा लिटरांहून किंचित मोठे इंजिन होते, आणि कंपनीच्या दाखल्याप्रमाणे त्याची शक्ती ३३५ अश्वबळ होती. या अवाढव्य इंजिनाला पेटवणारी विद्युत्‌रचना मात्र त्या गाड्यांच्या जन्माच्या अर्धशतकाहून अधिक काळ आधी सिद्ध झालेली होती.

ओहायो राज्यातील डेटन येथे रोकड नोंदवण्याची यंत्रे बनवणाऱ्या कारखान्यात नोकरीस असलेल्या चार्ल्स केटरिंग या अभियंत्याने ती रचली. १९१० च्या कॅडिलॅक गाडीत ती प्रथम आली, आणि दोनच वर्षांनी त्याच गाडीला त्याने विजेचा सेल्फही दिला. वालचंद हिराचंद यांच्या प्रीमियर कंपनीने १९४७ पासून कुर्ल्यास ज्या डॉज आणि प्लिमथ गाड्यांची जुळणी केली त्यांतही हीच व्यवस्था होती, त्यामुळे पॉइंट, कंडेन्सर आणि कॉइल ही त्रयी मुंबईच्या जुन्या मिस्त्रींना डेट्रॉइटच्या मिस्त्रींइतकीच पाठ होती. कॉइलमध्ये दोन वेटोळी असतात: एक जाड तारेचे, थोड्या फेऱ्यांचे, आणि दुसरे केसासारख्या बारीक तारेचे, सुमारे शंभरपट अधिक फेऱ्यांचे. पॉइंट, म्हणजे करंट जोडणारे-तोडणारे स्पर्शक, मिटलेले असतात तोवर पहिल्यातून करंट वाहून चुंबकत्व साठते. डिस्ट्रिब्यूटरमधील फिरता कॅम पॉइंट उघडतो, करंट खंडित होतो, चुंबकत्व कोसळते, आणि दुसऱ्या वेटोळ्यात वीस हजार व्होल्टांच्या आसपासचा दाब उसळून रोटरच्या वाटेने योग्य त्या प्लगपाशी जातो. इंजिन मिनिटाला सहा हजार फेरे घेत असेल, तर हे सारे सेकंदास ४०० वेळा घडावे लागते. पॉइंटशेजारचा कंडेन्सर त्या उघडझापेत पॉइंट जळू देत नाही, आणि तो निकामी झाला की पॉइंट काळवंडतात व ठिणगी फिकी पडते.

आता तो ठोकळा. सेल्फ फिरताना बॅटरीतून इतका करंट ओढतो की तिचा बारा व्होल्टांचा दाब दहाच्या घरात उतरतो, आणि ज्या क्षणी ठिणगी सर्वांत जोमदार हवी नेमक्या त्या क्षणी कॉइल उपाशी राहते. म्हणून कॉइल मुळातच कमी व्होल्टांवर चालेल अशी करतात; परंतु इंजिन पेटल्यावर डायनॅमो किंवा अल्टरनेटर हाच दाब चौदापर्यंत नेतो, आणि तो थेट लागला तर पॉइंट लवकरच भाजून निघतील. यावर काढलेली तोड अशी की, इंजिन चालू असताना करंट त्या ठोकळ्यातील, म्हणजे बॅलास्ट रेझिस्टरमधील, वेटोळ्यातून अडखळत जावा आणि किल्ली ‘स्टार्ट’वर असताना त्याला वळसा घालून सरळ कॉइलला मिळावा. ठोकळ्यातली तार सतत तापून तुटली की सरळ वाट शाबूत राहते व नेहमीची बंद होते. म्हणूनच गाडी किल्ली धरून ठेवली असेतोवरच चालते. याच्या उलट, सेल्फ फिरत असता इंजिन मुळीच पेटत नाही आणि किल्ली सोडताना मात्र एखादा आचका देऊन पेटते, असे झाले तर दोष वळशाच्या तारेत किंवा किल्लीच्या स्विचमध्ये शोधावा. दोन लक्षणे परस्परांची अशी नेमकी विरुद्ध प्रतिमा असावीत आणि दोन्हींवर गाडी मालकाशी इतके सरळ बोलावी, याचे मला आजही कौतुक वाटते.

गाडी मुळीच पेटत नसेल तर तपासाला क्रम लागतो. सेल्फ जोमाने फिरतो का, आणि अॅक्सिलरेटर हलवल्यावर कार्ब्युरेटरच्या मुखात पेट्रोलची धार दिसते का, हे आधी पाहावे. नंतर कॉइलची मधली तार रोधक चिमट्याने इंजिनाच्या धातूपासून पाव इंचावर धरून सेल्फ मारावा: कडाडून उठणारी निळी ठिणगी दिसली, तर कॉइलपर्यंतचा कारभार निर्दोष असून चौकशी डिस्ट्रिब्यूटरची टोपी, रोटर आणि प्लगच्या तारांकडे वळवावी. ठिणगी नसेल, तर कॉइलच्या पॉइंटकडील टोकाशी तपासणीचा दिवा लावून इंजिन फिरवावे. दिवा लुकलुकला तर पॉइंट आपले काम करीत आहेत. अखंड जळत राहिला तर ते मिटत नाहीत किंवा त्यांवर मळ चढला आहे. आणि लागलाच नाही तर करंट कॉइलपर्यंत येतच नाही, किंवा कोठेतरी वाट सोडून जमिनीस मिळतो आहे. वर्षानुवर्षे गॅरेजात झाकून ठेवलेल्या गाडीत पॉइंटवर चढलेला ऑक्साइडचा पापुद्रा हाच पुष्कळदा एकमेव अपराधी असतो.

क्रायस्लरने १९७३ पासून पॉइंट काढून सर्व गाड्यांत इलेक्ट्रॉनिक व्यवस्था आणली. तीतही बॅलास्ट राहिलाच, आणि एक नवी मेख निघाली. ठिणगीची आज्ञा देणाऱ्या डब्याचा बॉडीशी धातूने धातूला संबंध असावा लागतो. आणि ज्या गाडीचे पुनरुज्जीवन हौसेने झाले, जिच्या इंजिनाच्या खोलीतही रंगाचे चकचकीत थर बसले, तिचा हा संबंध रंगच तोडतो. बोल्टाखालचा रंग खरवडला की गाडी सुरू होते. पण तो खरवडायला मालकाचा हात सहजासहजी उठत नाही.

ठिणगी निर्दोष, वेळ मात्र चुकलेली, असेही घडते, आणि त्यात ठिणगीचा अपराध नसतो. त्या काळच्या कित्येक अमेरिकी इंजिनांत टायमिंगच्या कॅमवरील चाकाचे दात आवाज कमी व्हावा म्हणून नायलॉनचे होते. ते वयाने ठिसूळ होऊन गळाले की साखळी एखादा दात ओलांडते, व्हॉल्व्ह आणि ठिणगी दोघांचीही वेळ हुकते, आणि डिस्ट्रिब्यूटर फिरवून फिरवून माणूस थकतो.

सर्वांत खडतर प्रकरण मात्र तापल्यावर तुटणाऱ्या कॉइलचे. ऑगस्टच्या तिसऱ्या शनिवारी डेट्रॉइटजवळच्या वुडवर्ड अॅव्हेन्यूवर जुन्या गाड्यांचा जो मेळा भरतो, त्या गर्दीत पावलापावलाने सरकताना अशी गाडी बंद पडते. तासाभराने कॉइल निवते, आत तुटलेली तार पुन्हा टेकते, आणि गॅरेजात पोचेपर्यंत प्रत्येक मोजमाप बरोबर येते. तेथे थंड गाडीची तपासणी व्यर्थ आहे. तपासणीच्या दिव्याची तार बॉनेटबाहेर काढावी, बॉनेट मिटून इंजिन संथ चालू ठेवावे, आणि गाडी पुन्हा बंद पडली की ती निवण्याआधीच सेल्फ मारून पाहावे: दिवा लुकलुकत असून ठिणगी नसेल, तर कॉइल बदलावी.