फुगा, वारा आणि वेळ



वसंतातल्या संध्याकाळी आपण येथे जमलो आहोत. दिवसभराच्या उकाड्यानंतर पश्चिमेकडून झुळूक सुटली की आपल्याला बरे वाटते. पण याच वेळी मुळशी तालुक्यातील माण गावच्या एखाद्या मोकळ्या रानात कोणी उष्ण हवेचा फुगा उडवण्यासाठी आणून ठेवला असेल, तर तो चालवणारा जाणता माणूस हीच झुळूक अंगावर घेईल, आकाशाकडे पाहील आणि म्हणेल, “आज नको.” जी हवा आपल्याला सुखाची वाटते ती त्याला भयाची का वाटावी, एवढाच आजचा आपला विषय आहे.

प्रथम फुगा वर का जातो ते पाहू. १७८३ साली फ्रान्समध्ये माँगोल्फिए बंधूंनी कागद व कापडाचा फुगा धुराने भरला, तेव्हा धुरातच काही उचलणारी शक्ती आहे असे त्यांना वाटले होते. शक्ती धुरात नव्हती, उष्णतेत होती. हवा तापली की पसरते, पसरली की विरळ होते आणि विरळ हवा भोवतालच्या दाट हवेत वर चढते. त्याच वर्षी २१ नोव्हेंबरला पॅरिसमध्ये दोन माणसे अशा फुग्यातून मोकळी आकाशात गेली. पुढे पावणेदोनशे वर्षांनी, १९६० साली, अमेरिकेत एड योस्ट याने नायलॉनचे कापड आणि प्रोपेन गॅसचा ज्वालक वापरून आजचा फुगा सिद्ध केला. तत्त्व मात्र तेच राहिले.

आता थोडा हिशेब करू. माण समुद्रसपाटीपासून साडेपाचशे-सहाशे मीटर उंचीवर आहे. पौष महिन्यातल्या पहाटे तेथे १२ अंश सेल्सिअस तापमान असेल, तर एक घनमीटर हवेचे वजन सुमारे १ किलो १५५ ग्रॅम भरते. फुग्यातली हवा १०० अंशांपर्यंत तापवली तर तिचे वजन सुमारे ८८५ ग्रॅम होते. म्हणजे प्रत्येक घनमीटरमागे २७० ग्रॅमची उचल मिळाली. फुगा २,२०० घनमीटरचा धरला तर एकूण उचल झाली सुमारे ६०० किलो. कापड, टोपली, ज्वालक आणि गॅसच्या टाक्या यांचे वजन ३०० किलो वजा करा. चार माणसे आरामात जातील.

हाच फुगा वैशाखातल्या दुपारी, ३८ अंशांच्या उन्हात उडवून पाहा. बाहेरची हवाच तापून विरळ झालेली. घनमीटरमागे उचल उरते अवघी १७५ ग्रॅम, एकूण ३८५ किलो. साहित्याचे ३०० किलो गेले की चालक एकटाच कसाबसा वर जाईल. आतली हवा आणखी तापवावी म्हटले, तर कापडाच्या सहनशक्तीलाही मर्यादा आहे. तेव्हा फुग्याचे बळ आतल्या आगीत जितके आहे, तितकेच बाहेरच्या गारव्यात आहे.

पण दुपार टाळण्याचे कारण एवढेच नाही. ऊन चढले की नांगरलेली काळी जमीन, डांबरी रस्ता आणि पत्र्याची छपरे लवकर तापतात; शेजारचे तळे किंवा उसाचा फड तसा तापत नाही. तापलेल्या जागेवरून हवेचे लोट वर उठतात. घार पंख न हलवता याच लोटांवर घिरट्या घालीत वर चढते. घारीला जे वरदान, ते फुग्याला संकट. कारण लोटाबरोबर वर जायचे की नाही हे फुग्याच्या हाती नसते, आणि लोटाच्या कडेला हवा खाली येत असते.

याउलट हिवाळ्यातल्या निरभ्र रात्री जमीन निवते, तिच्या लगतची हवा गार व जड होऊन तळाशी बसते. वर उबदार हवा आणि खाली गार हवा, अशी ती उलटी उतरंड असते. चुलीचा धूर थोडा वर जाऊन आडवा पसरतो, तो याच थरामुळे. सूर्योदयाच्या आगेमागे दीड-दोन तास ही हवा स्वस्थ असते. फुग्याचा मुहूर्त तो हाच. संक्रांतीला पतंग उडवणारी मुले वारा नाही म्हणून हिरमुसतात. फुगेवाला त्याच वेळी खूश असतो.

आता वाऱ्याकडे वळू. फुग्याला सुकाणू नाही. तो वाऱ्यात वाहतो, आणि वाऱ्याच्याच वेगाने वाहतो म्हणून टोपलीतल्या माणसाला वारा जाणवत नाही. ही स्वस्थता फसवी आहे. वारा कळतो तो जमिनीला टेकताना. वेग दुप्पट झाला तर आदळण्याची ऊर्जा चौपट होते. म्हणून जमिनीलगत ताशी पंधरा किलोमीटरांच्या वर वारा असेल, तर साधारणपणे उड्डाण करीत नाहीत. वारा असताना जमिनीवर बांधलेल्या फुग्याच्या माथ्यावरून हवा वेगाने सरकते आणि त्याला खोटी उचल देते. दोर सोडला, फुगा वाऱ्याबरोबर चालू लागला की ती उचल नाहीशी होते आणि तो खाली येऊ लागतो.

मग चालकाच्या हाती काय? फक्त उंची. निरनिराळ्या उंचीवर वारे निरनिराळ्या दिशांनी वाहतात. हवा तो थर शोधून त्यात शिरायचे. हे थर ओळखण्यासाठी उड्डाणापूर्वी एक लहान फुगा सोडून तो कुठे जातो ते पाहतात. पुणेकरांना यात नवल वाटू नये. १९२८ साली शिमल्याहून हवामान खात्याची कचेरी पुण्यास आली. तिला आपण अजून शिमला ऑफिस म्हणतो. हायड्रोजनचा फुगा सोडून दुर्बिणीने त्याचा माग घ्यायचा आणि वरच्या वाऱ्याचा वेग काढायचा, ही हवामानशास्त्राची जुनी रीत आहे.

२६ नोव्हेंबर २००५ रोजी विजयपत सिंघानिया, वयाच्या ६७ व्या वर्षी, मुंबईहून उष्ण हवेच्या फुग्यातून निघाले आणि २१,०२७ मीटर उंचीवर पोहोचून त्यांनी जागतिक विक्रम केला. तेथे हवेचा दाब जमिनीवरच्या विसाव्या हिश्श्याइतका असतो. म्हणून फुगा अवाढव्य आणि टोपलीच्या जागी बंद कोठडी. ते उतरले नाशिक जिल्ह्यात, सिन्नर तालुक्यातल्या पांचाळे गावी. उंची माणसाने ठरवली. गाव वाऱ्याने ठरवले.

आता माणला परत येऊ. पश्चिमेस सह्याद्री. उन्हाळ्यात दुपारनंतर घाटावरून पश्चिमेचा वारा पुण्याकडे येतो. वळवाचा ढग दूर दिसत असला तरी त्याच्या पोटातून सुटलेला गार झोत कित्येक किलोमीटर पुढे धावतो आणि धूळ उडवीत येतो. पावसाळ्यात तर प्रश्नच नाही. कापड भिजून जड होते आणि ज्वालकाची उष्णता पाणी वाळवण्यात जाते. उरतो हिवाळा, पण त्या पहाटेला धुके असते. शिवाय माणच्या शिवारात आता माहिती तंत्रज्ञानाच्या इमारती उभ्या आहेत, विजेच्या तारा आहेत. उडायला एक शेत पुरते. उतरायला मात्र वारा नेईल तिकडे मोकळे शेत हवे.

धुके आणि तारा यांची गाठ पडली म्हणजे काय होते, ते ३० जुलै २०१६ रोजी अमेरिकेत टेक्ससमधील लॉकहार्ट येथे दिसले. खाली ढग व धुके असताना फुगा उडाला, उतरताना उच्च दाबाच्या तारांवर गेला आणि त्यातील सोळाही माणसे गेली. यंत्र बिघडले नव्हते. उड्डाण करण्याचा आणि ते चालू ठेवण्याचा निर्णय चुकला, असे तपासात निघाले.

लोक पहाटे चारला उठून आलेले असतात, पैसे भरलेले असतात, मुले उतावीळ झालेली असतात. त्या सर्वांच्या देखत “आज नको” म्हणणे सोपे नाही. वर गेल्यावर, खाली असतो तर बरे झाले असते, असे वाटण्यापेक्षा खाली राहून, वर असतो तर बरे झाले असते, असे वाटणे केव्हाही चांगले. उद्या आपल्यापैकी कोणी हौसेने टोपलीपाशी गेला आणि चालकाने हात जोडून परत पाठवले, तर रागावू नये. त्याचे आभार मानावेत आणि घरी येऊन चहा घ्यावा. पहाट उद्याही होणार आहे.