परसातील अ‍ॅक्वापोनिक्स

परसातील अ‍ॅक्वापोनिक्स म्हणजे घराच्या परसात किंवा अंगणात एकाच फिरत्या पाण्यावर मासे व भाजीपाला यांचे एकत्र संवर्धन करण्याची पद्धत होय. माशांच्या टाकीतील पाणी वनस्पतींच्या मुळांपर्यंत नेले जाते. तेथे त्यातील मलद्रव्ये वनस्पतींचे पोषण करतात आणि निवळलेले पाणी पुन्हा टाकीत येते. अ‍ॅक्वाकल्चर म्हणजे मत्स्यसंवर्धन आणि हायड्रोपोनिक्स म्हणजे मातीविना शेती, या दोन इंग्रजी शब्दांच्या जोडातून हे नाव तयार झाले. शे-दोनशे लिटरच्या पिंपावर एखादा वाफा ठेवून केलेली मांडणी बहुधा सहज चालते. सुमारे २००० ते ५००० लिटर पाण्याची, कुटुंबाची भाजी व काही प्रमाणात मासळी पुरवणारी मांडणी मात्र छोट्या मांडणीची केवळ वाढवलेली प्रत नसते. तिची आखणी निराळ्या हिशेबाने करावी लागते.

इतिहास

भातखाचरांत मासे पाळण्याची परंपरा चीन व आग्नेय आशियात प्राचीन आहे. आधुनिक अ‍ॅक्वापोनिक्सची जडणघडण मात्र विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अमेरिकेत झाली. जॉन टॉड, नॅन्सी जॅक टॉड व विल्यम मॅक्लार्नी यांनी १९६९ मध्ये स्थापन केलेल्या, मॅसॅच्युसेट्स राज्यातील केप कॉड येथील न्यू अल्केमी इन्स्टिट्यूटमध्ये मासे व भाज्या एकत्र वाढवण्याचे प्रयोग झाले. १९८० च्या दशकात नॉर्थ कॅरोलिना स्टेट विद्यापीठात मार्क मॅकमर्ट्री यांनी माशांच्या टाकीतील पाणी वाळूच्या वाफ्यांत सोडण्याची पद्धत अभ्यासली. मिसुरी राज्यातील टॉम व पॉला स्पेरेनिओ या दांपत्याने पुढे वाळूऐवजी खडी वापरली. आज परसात दिसणारा खडीचा वाफा याच परंपरेतला आहे.

याच काळात कॅरिबियन समुद्रातील सेंट क्रॉय बेटावर, व्हर्जिन आयलंड्स विद्यापीठात, जेम्स रॅकोसी यांनी तरंगत्या तराफ्यांवर भाज्या घेण्याची मोठी प्रणाली विकसित केली. २००० नंतरच्या दशकात ऑस्ट्रेलियात ही पद्धत घरोघरी पोहोचली. दीर्घ दुष्काळामुळे तेव्हा तेथील अनेक शहरांत बागेला पाणी देण्यावर निर्बंध होते. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेने २०१४ मध्ये लघु अ‍ॅक्वापोनिक्सविषयी तांत्रिक पुस्तिका प्रसिद्ध केली. घरगुती मांडणीचे आकडे ठरवताना आजही तिचा आधार घेतला जातो.

कार्यतत्त्व

मासे खाद्यातील प्रथिने पचवून कल्ल्यांवाटे मुख्यतः अमोनिया बाहेर टाकतात. अमोनिया माशांना विषारी आहे. नायट्रोसोमोनास गटातील जिवाणू त्याचे नायट्राइटमध्ये, तर नायट्रोस्पायरा व नायट्रोबॅक्टर गटांतील जिवाणू नायट्राइटचे नायट्रेटमध्ये रूपांतर करतात. नायट्राइटही माशांना घातक असते. नायट्रेट मात्र ते बऱ्याच प्रमाणात सहन करतात आणि वनस्पती ते शोषून घेतात. हे जिवाणू खडीच्या पृष्ठभागावर, नळ्यांच्या आतील बाजूस व मुळांवर वाढतात. त्यामुळे मासे आणि भाज्या यांच्याइतकीच या न दिसणाऱ्या तिसऱ्या घटकाची काळजी घ्यावी लागते. नव्या मांडणीत त्यांची पुरेशी वाढ होण्यास सामान्यतः ३ ते ६ आठवडे लागतात. तोवर पूर्ण संख्येने मासे सोडल्यास ते अमोनिया व नायट्राइटमुळे मरतात. नवशिक्यांचे पहिले नुकसान बहुधा याच टप्प्यावर होते.

आकारमानाचा हिशेब

मांडणी किती मोठी, हे टाकीच्या लिटरांवरून सांगण्याची सवय आहे. परंतु खरे माप दररोज घातल्या जाणाऱ्या खाद्याचे आहे. खाद्यावरून अमोनियाचे प्रमाण ठरते आणि त्यावरून जिवाणूंची गरज व वनस्पतींना मिळणारे पोषण. वरील पुस्तिकेनुसार पालेभाज्यांसाठी वाफ्याच्या दर चौरस मीटरमागे रोज ४० ते ५० ग्रॅम, तर टोमॅटो-मिरचीसारख्या फळभाज्यांसाठी ५० ते ८० ग्रॅम खाद्य हे प्रमाण धरले जाते. घरगुती मांडणीत १००० लिटर पाण्यात २० किलोपेक्षा अधिक मासे ठेवू नयेत, अशीही तिची मर्यादा आहे.

उदाहरणादाखल १००० लिटरच्या तीन टाक्या घेतल्यास कमाल ६० किलो मासे होतात. वाढत्या माशांना वजनाच्या १ टक्का खाद्य धरले तर ते रोज ६०० ग्रॅम होते आणि त्यावर १२ ते १५ चौरस मीटर पालेभाजी पोसते. ३२ टक्के प्रथिने असलेल्या एवढ्या खाद्यातून दररोज सुमारे १८ ग्रॅम अमोनिया-नायट्रोजन पाण्यात येतो. टाक्या वाढवून वाफे तेवढेच ठेवले, तर हा भार उचलायला पुरेसे जिवाणू राहत नाहीत. वाफे वाढवून मासे कमी ठेवले, तर पाने पिवळी पडतात.

तिन्ही टाक्यांत एकाच वयाचे मासे सोडणे सोयीचे वाटते, पण त्याने हा हिशेब बिघडतो. सुरुवातीस बोटाएवढ्या पिल्लांचे खाद्य नगण्य असते आणि सगळे मासे एकदम काढल्यावर वाफे उपाशी राहतात. सेंट क्रॉय येथील प्रणालीत चार टाक्यांत वेगवेगळ्या वयाचे तिलापिया मासे होते. प्रत्येक टाकीतील मासे २४ आठवडे वाढत आणि दर ६ आठवड्यांनी एक टाकी काढणीस येई, म्हणून एकूण खाद्य वर्षभर फारसे बदलत नसे. परसातही एका मोठ्या टाकीपेक्षा दोन-तीन मध्यम टाक्या बऱ्या, त्या याच कारणाने.

बांधणी

मोठ्या मांडणीत सामान्यतः तीन भाग असतात : माशांच्या टाक्या, वाफे आणि सर्वांत खालच्या पातळीवरचा हौद. पंप फक्त हौदात असतो. तो पाणी टाक्यांत चढवतो. टाक्यांतले जादा पाणी तळातील गाळासह वाफ्यांत वाहते आणि वाफ्यांतून हौदात उतरते. या रचनेत पंप बंद पडला किंवा नळी निसटली तरी माशांची टाकी रिकामी होत नाही.

हौदाच्या आकाराचा अंदाज बऱ्याचदा चुकतो. वाफे सुमारे ३० सेंटिमीटर खोल असतात आणि वरचे ५ सेंटिमीटर कोरडे ठेवले जातात. खडीच्या फटींत आकारमानाच्या साधारण ४० टक्के पाणी मावते. म्हणजे १२ चौरस मीटरचे सर्व वाफे एकाच वेळी भरले, तर हौदातून जवळजवळ १२०० लिटर पाणी उचलले जाते. हौद ५०० लिटरचा असेल तर पंप कोरडा फिरून जळतो. उलट वीज गेल्यावर हे सर्व पाणी खाली येते आणि लहान हौद ओसंडून वाहतो. वाफे आळीपाळीने भरणारी झडप बसवल्यास लहान हौदही पुरतो. वाफा भरला की आपोआप रिकामा करणारा घंटा-सायफन लोकप्रिय आहे. मात्र एकच प्रवाह अनेक वाफ्यांत विभागला की प्रत्येकाला मिळणारे पाणी कमी पडून सायफन सुरूच होत नाही.

टाकीतील पाणी ताशी किमान एकदा फिरावे. पंपावर छापलेला ताशी लिटरचा आकडा पाणी मुळीच वर चढवायचे नसतानाचा असतो. त्यामुळे प्रत्यक्ष उंचीला तो किती पाणी देतो, हे पाहून निवड करावी लागते.

खडी अर्धा ते पाऊण इंची वापरतात. तिच्यावर व्हिनेगर टाकून फेस आला तर ती चुनखडीयुक्त असते आणि पाण्याचा सामू सतत वर ढकलते. महाराष्ट्रातील काळ्या दगडाची खडी या कसोटीला सहसा उतरते. फक्त तिची भुकटी भरपूर धुवावी लागते. तांबे, पितळ व जस्ताचा मुलामा असलेले भाग पाण्याच्या संपर्कात ठेवत नाहीत, कारण हे धातू माशांना बाधतात. जुन्या प्लास्टिक टाक्या घेताना त्यांत पूर्वी खाद्यपदार्थच होते, याची खात्री करणे आवश्यक ठरते.

वजनाचा प्रश्न गच्चीवर निर्णायक असतो. भरलेला वाफा चौरस मीटरला सुमारे ६०० किलो, तर मीटरभर उंच पाण्याची टाकी १००० किलो भार देते. घरांच्या गच्च्यांसाठी धरला जाणारा वापराचा भार चौरस मीटरला १५० ते २०० किलोंच्या आसपासच असतो. म्हणून मोठी मांडणी जमिनीवर, ठोकून सपाट केलेल्या जागी करतात.

प्राणवायू आणि वीज

३० अंश सेल्सियसला पाण्यात जास्तीत जास्त साडेसात मिलिग्रॅम प्रतिलिटर प्राणवायू विरघळतो. वरील ३००० लिटर पाण्यात तो ७ मिलिग्रॅम असेल, तर एकूण साठा २१ ग्रॅम होतो. २ मिलिग्रॅमखाली बहुतेक मासे तग धरत नाहीत. म्हणजे वापरता येण्याजोगा साठा १५ ग्रॅमच. दर किलो वजनामागे मासे ताशी साधारण २०० ते ३०० मिलिग्रॅम प्राणवायू घेतात असे धरल्यास ६० किलो मासे ताशी १२ ते १८ ग्रॅम वापरतात. पृष्ठभागावरून मिसळणारी थोडी हवा सोडली, तर पंप थांबल्यापासून तासाभरातच संकट ओढवते. हेच मासे ३० किलो असतील, तर अवधी दुप्पट मिळतो. छोट्या पिंपात विरळ मासे असल्याने रात्रभर वीज नसली तरी निभावते. त्या अनुभवावर विसंबून मोठ्या टाक्या दाटीने भरल्या की एका रात्रीत वर्षाची मेहनत जाते.

भारनियमन असलेल्या भागांत त्यामुळे बॅटरीवर चालणारा हवेचा पंप हा मांडणीचा अनिवार्य भाग मानावा लागतो. पाण्याच्या पंपापेक्षा त्याला वीज फारच कमी लागते. वीज गेली की खाद्य ताबडतोब बंद करतात, कारण भरल्या पोटी माशांची प्राणवायूची गरज वाढते.

माशांची निवड

जगभर तिलापिया सर्वाधिक वापरला जातो, परंतु ऑस्ट्रेलियात तो उपद्रवी ठरवून निषिद्ध केला आहे आणि भारतात त्याच्या संवर्धनास शासनाची परवानगी लागते. आफ्रिकन मागूर पाळण्यास भारतात बंदी आहे. देशी मागूर हवेतूनही श्वास घेतो, त्यामुळे वीज अनिश्चित असेल तेथे तो उपयुक्त. ऑस्ट्रेलियातील परसांत आवडीने पाळला जाणारा बारामुंडी म्हणजे कोकणातला जिताडाच. रायगडमध्ये तो गावतळ्यांत पूर्वापार वाढवला जातो. मात्र तो मांसाहारी असल्याने लहानमोठे मासे एकत्र ठेवल्यास मोठे लहानांना खातात.

पाण्याची निगा

अमोनियाचे नायट्रेट होताना आम्ल तयार होते व सामू हळूहळू घसरतो. ६ ते ७ हा सामू मासे, जिवाणू व वनस्पती या तिघांनाही चालणारा मध्यम मार्ग आहे. तो खाली गेल्यास विरी गेलेला चुना आणि पोटॅशियम कार्बोनेट आलटून पालटून थोडे थोडे देतात. त्यातून खाद्यात कमी असणारे कॅल्शियम व पोटॅशियमही वनस्पतींना मिळते. लोहाची कमतरता जवळजवळ नेहमी भासते व ती चिलेटेड लोहाने भरून काढतात. कूपनलिकेच्या जड पाण्यात सुरुवातीलाच सामू ८ च्या वर असू शकतो. सामू ७ वरून ८ झाला की अमोनियातील विषारी अंश जवळजवळ दहापट होतो, म्हणून अशा पाण्यात मासे आणखी विरळ ठेवतात.

कीड पडल्यास कीटकनाशक वापरता येत नाही. सेंद्रिय म्हणून निर्धास्तपणे फवारले जाणारे कडुनिंबाचे तेलही पाण्यात उतरल्यास माशांना मारक ठरते. किडलेली पाने खुडणे, साध्या पाण्याचा फवारा आणि जाळी एवढ्यावरच भागवावे लागते.